नाहीबाई आणि दुसरं पान

समजा, आज सकाळी तिच्या जागी तुम्ही कामाला गेलात. टेबलावर पांढऱ्या कापडावर एक इंजिन पोटाकडून उघडून ठेवलंय. गाडीचा मालक काचेपलीकडच्या खोलीत कॉफी पितोय आणि दर दोन मिनिटांनी मान उंचावून तुमच्याकडे बघतोय. तुम्ही आधी ऑइल फिल्टर कापा, आतल्या कागदाची घडी उलगडा आणि खिडकीच्या उजेडात धरा. काळ्या तेलात बारीक चमकी दिसली? म्हणजे आत धातू धातूला खातोय. आता क्रँकखालचं बेअरिंग काढा. अर्ध्या चंद्रासारखी पत्र्याची वाटी असते ती, दोन बोटं रुंद. आरशासारखी गुळगुळीत हवी. तुमच्या हातातली मात्र मांजरानं बोचकारल्यासारखी आहे. मग गाडीच्या कॉम्प्युटरला केबल जोडा. प्रिंटर दोन पानं ओकेल. पहिल्या पानावर तळाशी एक आकडा असतो: या इंजिनाला आजवर किती वेळा गैर वागवलं. तो आकडा फॉर्मवरच्या एकुलत्या एका चौकटीत उतरवा. शून्य असेल तर ‘हो’चा शिक्का, वॉरंटीत नवं इंजिन. शून्य नसेल तर ‘नाही’चा. वीस मिनिटं आहेत तुमच्याकडे.

काय, अडखळलात? ती एकोणीस वर्षांत एकदाही अडखळली नव्हती. म्हणूनच सगळं वर्कशॉप तिला नाहीबाई म्हणायचं. तोंडावर ‘बाई’, पाठीमागे ‘नाहीबाई’. तिला दोन्ही माहीत होतं आणि दुसरं जास्त आवडायचं.

वर्कशॉप होतं वेगाच्या गाड्यांचं. शहराबाहेरच्या रुंद रस्त्याला लागून पुढं काचेची शोरूम, तिच्या फरशीत स्वतःचा चेहरा दिसेल अशी. आणि मागं पत्र्याच्या छपराखाली सहा लिफ्ट, एक कंप्रेसर आणि हिचं टेबल. पुढं गाड्या विकल्या जायच्या, मागं त्यांची प्रेतं यायची. पुढच्यांना मागच्यांचा वास यायचा नाही, कारण मध्ये दोन दारं होती आणि पुढच्या बाजूला सुगंधी यंत्र बसवलेलं होतं.

ती एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. माणसांच्या लिफ्ट, इमारतींमधल्या. लहानपणी बाबांच्या मागं लागून ती उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनखोलीत जायची आणि दोरखंडांना ग्रीस लावताना बघायची. पुढं यंत्राचा डिप्लोमा केला. वर्गात एकटी मुलगी. मास्तर म्हणाले, “तुला नट ढिला करता येईल का गं?” तिनं मास्तरांच्या खुर्चीचेच चारही नट ढिले करून ठेवले. ते बसले आणि उत्तर मिळालं.

या वर्कशॉपमध्ये तिनं चार वर्षं गाड्या उघडल्या, मग तिच्या हातात शिक्का आला. आणि शिक्क्याबरोबर माणसांविषयीचा एक पक्का तिटकारा आला. तो काही उगाच आला नाही. गाडीवाले जे खोटं बोलतात, तसं खोटं दुसरं कोणी बोलत नसेल. एकानं सांगितलं, गाडी त्याच्या म्हाताऱ्या मावशीनं चालवली. मावशीनं म्हणे तिसऱ्या गिअरऐवजी पहिला टाकला, मिनिटाला साडेनऊ हजार फेऱ्यांवर. एकाच्या टायरवर शर्यतीच्या ट्रॅकचं रबर चिकटलेलं, आणि तो छातीवर हात ठेवून म्हणतो, “भाजी आणायला जातो हो फक्त.” एकानं कुत्र्यावर ढकललं. कुत्रा पॅडलवर बसला. ती म्हणाली, “मग कुत्र्याला बोलवा, सही त्याचीच घेते.”

आणि एक होती पोहायला शिकवणारी बाई. तिची गाडी जुनी, वापरलेली नव्हे. आयुष्यभर ओल्या पायांनी लोकांची पोरं पोहायला शिकवून, स्वतःच्या पन्नाशीला स्वतःलाच दिलेली नवीकोरी. तिच्या पानावर आकडा होता एक. ती रडलीबिडली नाही, नुसती म्हणत राहिली, “मी असं काही केलेलं नाही. मी केलं असतं तर मला आठवलं असतं.” नाहीबाई तिला म्हणाली होती, “सगळे असंच म्हणतात. माणूस खोटं बोलतो, गाडी बोलत नाही.” हे वाक्य तिला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढं कित्येक वर्षं ती ते वापरत राहिली.

कंपनीबद्दलही तिला फार प्रेम होतं असं नाही. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर काय, तर गाडी वळणावर आडवी, मागच्या चाकांतून धुराचे लोट, खाली शब्द: ‘मर्यादा विसरा.’ आणि एकेचाळिसाव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत मर्यादांची यादी. चाकातून धूर काढल्यास वॉरंटी नाही. लाल रेषेपलीकडं फेरे नेल्यास नाही. तेल साठ अंश तापायच्या आत इंजिन चार हजारांवर नेल्यास नाही, एकदा जरी नेलं तरी नाही. पहिल्या पानावर जे विकलं, एकेचाळिसाव्यावर त्याच्यापासून हात वर केले. ती नव्या लोकांना ही दोन पानं शेजारी-शेजारी उघडून दाखवायची आणि म्हणायची, “हे ज्यांना एकाच पुस्तकात छापता येतं, त्यांच्याकडं आपण नोकरी करतो.” आणि मग शिक्का मारायची. नियम म्हणजे नियम. मूर्खानं केलेला का असेना.

तर या टेबलापाशी एका मंगळवारी दातांचे डॉक्टर आले.

ते आले त्यांच्या गाडीच्या मागून, कारण गाडी टो-ट्रकवर होती. पिवळी, दोन दारांची, मागं पंख. अंगात मात्र मेलेल्या म्हशीइतकीच हालचाल. डॉक्टरांच्या हातात बोटं उघडी राहणारे चामडी हातमोजे होते. दात उपटणाऱ्या माणसानं गाडी चालवायला वेगळे हातमोजे घ्यावेत, याचं नाहीबाईला मनापासून कौतुक वाटलं. सोबत त्यांची बायको होती. तिच्या चेहऱ्यावर लांबच्या प्रवासात मागच्या सीटवर बसलेल्या माणसाचा कंटाळा होता.

“काय झालं?” नाहीबाईनं विचारलं.

“होणारच होतं,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे जवळजवळ खुशीत. “मी चालवतो तशी चालवायला काळीज लागतं. इंजिनाचं काळीज पुरलं नाही.”

वर्कशॉपचा मिस्त्री, तिच्याबरोबर पंधरा वर्षं काढलेला जाडजूड माणूस, कापडात तोंड लपवून हसला. गिऱ्हाइकानं स्वतःहून गुन्हा कबूल करायची ही पहिलीच वेळ होती.

“अहो,” बायको म्हणाली, “गप्प बसा ना जरा.”

“का? खरं आहे ते. आमच्या गाड्यांच्या क्लबमध्ये विचार कोणालाही.”

“क्लबमध्ये कशाला, मलाच विचारू देत. ताई, हे गतिरोधक आला की आधी गाडी थांबवतात, खाली उतरून त्याची उंची बघतात, मग पुढं जातात. परवा आम्हाला सायकलवाल्यानं मागं टाकलं. आणि वर तो वळून बघून हसला.”

डॉक्टरांचे कान लाल झाले. “हिला गाड्यांतलं काही कळत नाही,” ते पुटपुटले.

नाहीबाईनं इंजिन उघडलं. फिल्टरमध्ये चमकी, बेअरिंगवर बोचकारे. केबल जोडली, प्रिंटरनं दोन पानं टाकली. पहिल्या पानावर आकडा: एक.

आता इथं त्या वर्कशॉपची एक रीत सांगायला हवी. पहिलं पान फायलीत जायचं. दुसऱ्या पानावर त्या आकड्याचा तपशील असायचा, बारीक रकान्यांत: इंजिन किती तास चाललेलं होतं, तेल किती अंशांवर, गाडीचा वेग किती, हे सगळं. पण फॉर्ममध्ये तपशिलाला जागाच नव्हती. चौकट एकच, ती आकड्याची. म्हणून दुसरं पान मिस्त्री एका खोक्यात टाकायचा. कोरी पाठ लिहायला बरी पडायची. चहा कोणाला, कोणता पाना कोणाकडं, सगळं त्याच्यावर. आणि उरलेली पानं हात पुसायला. एकोणीस वर्षं त्या वर्कशॉपनं गाड्यांच्या साक्षीला बोटं पुसली, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

ती शिक्का उचलणार, तेवढ्यात डॉक्टर टेबलावर वाकले. बायको बाहेर फोनवर बोलत होती. आवाज खाली आणून ते म्हणाले, “नाहीच लिहिणार ना?”

“एक आहे आकडा. नाहीच.”

“मग असं लिहाल का, की अतिवेगानं आणि अत्यंत जोरात चालवल्यामुळं? ठळक लिहा. मला त्याची प्रत हवी.”

“कशाला?”

“असू दे. क्लबमध्ये... असू दे.”

तिनं वर बघितलं. एकोणीस वर्षांत खोटं बोलून ‘हो’ मागणारे शेकड्यांनी आले. ‘नाही’ची सनद मागणारा हा पहिला. इतका फुसका माणूस तिनं पाहिला नव्हता. फुग्यालासुद्धा टाचणी लागली की आवाज होतो. आणि त्या तिरस्काराच्याच भरात तिनं ठरवलं, की याला इथंच उघडा पाडायचा, याच्याच गाडीच्या तोंडानं. तिनं मिस्त्रीला हाक मारली.

“दुसरं पान कुठाय?”

“कुठलं दुसरं?”

“आत्ताचं.”

मिस्त्रीनं हातातलं पान पुढं केलं. एका कोपऱ्याला ग्रीसचा अंगठा उमटला होता, बाकी वाचता येत होतं.

तिनं डॉक्टरांना दाखवायला बोट ठेवलं. “हे बघा. गाडी चालली ब्याण्णव तास. हा ‘एक’ सोडला तर ब्याण्णव तासांत तुमच्या पायानं इंजिन सगळ्यात जास्त नेलं ते एकतीसशे फेऱ्यांवर. आठ हजारांपर्यंत जाणारं इंजिन. तुम्ही गाडी चालवली नाहीत, डॉक्टर, तुम्ही तिला चाक धरून फिरवायला नेलंत.”

डॉक्टरांनी हातमोजे काढून खिशात घातले.

“आणि तो जो एक आहे ना,” ती पुढं वाचू लागली आणि तिचं बोट रकान्यावर थांबलं.

फेरे सात हजार नऊशे. अकरा सेकंद. तेल सतरा अंश. गाडीचा वेग शून्य. इंजिनाचा तास: शून्य पूर्णांक चार.

तिनं पुन्हा वाचलं. शून्य पूर्णांक चार म्हणजे जन्मल्यापासून चोवीस मिनिटं. ट्रकवरून उतरवणं, आवारात लावणं, धुवायला नेणं, शोरूममध्ये आणणं, एवढ्यात चोवीस मिनिटं जातात. तेव्हा ही गाडी डॉक्टरांची नव्हतीच मुळी. आणि वेग शून्य. गाडी उभी होती. थंडगार इंजिन, मधासारखं घट्ट तेल, बेअरिंगपर्यंत पोचलेलंच नाही, आणि कोणीतरी पॅडल तळापर्यंत दाबून अकरा सेकंद धरलं होतं. त्यानं इंजिन लगेच मरत नाही. ओरखडा पडतो. मग तो ओरखडा ब्याण्णव तास गुपचूप कुरतडत राहतो.

“डॉक्टर, गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी काय झालं होतं?”

उत्तर दिलं आत आलेल्या बायकोनं. “व्हिडिओ आहे ना. माझ्या भावानं काढलाय.” आणि तिनं फोन पुढं धरला.

शोरूमची चकचकीत फरशी. लाल कापडाखाली गाडी. कापड ओढलं जातं. डॉक्टरांचा सगळा गोतावळा. आणि गाडीत, दार उघडं ठेवून, एक पाय बाहेर, विक्रीचे साहेब. यांना सगळे टाळीसाहेब म्हणत, कारण प्रत्येक गोष्टीनंतर ते टाळी मागत. फोनमधले टाळीसाहेब ओरडले, “तयार? ऐका आता वाघाचा आवाज! एक, दोन, तीन!” आणि गाडीनं डरकाळी फोडली. लहान मुलांनी कान झाकले. डॉक्टरांच्या मेव्हण्यानं शिट्टी मारली. नाहीबाईनं भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडं बघत मोजलं. अकरा सेकंद. मग टाळ्या.

हा सोहळा प्रत्येक गाडीला व्हायचा. प्रत्येक. मागं टेबलापर्यंत तो आवाज दोन दारांमधून यायचा, आणि मिस्त्री म्हणायचा, “गेली अजून एक घरी.” एकोणीस वर्षं तो आवाज तिच्या कानावर पडत होता. भल्या मोठ्या पगारावर नेमलेलं कुंपण रोज सकाळी शेत खात होतं, आणि ही मागं बसून गुरांना दंड करत होती.

ती फोन आणि दुसरं पान घेऊन पुढच्या बाजूला गेली. टाळीसाहेब आरशात बघून टाय सरळ करत होते.

“वेग शून्य, तेल सतरा,” ती म्हणाली. “हा तुमचा पाय.”

त्यांनी पान न बघताच परत दिलं. “मग?”

“मग? एकेचाळिसावं पान तुमच्यासाठी नाही का?”

“बाई, तुम्हाला वाटतं मी गाड्या विकतो. मी तो आवाज विकतो. तो आवाज ऐकवला नाही तर हा दातवाला शेजारची निळी घेऊन गेला असता.”

“तेल तापवून ऐकवा.”

“वीस मिनिटं? फुलं घेऊन माणसं उभी असतात. वीस मिनिटांत लोकांना अक्कल येते.” आपल्याच वाक्यावर त्यांनी हलकी टाळी वाजवली. “फॉर्ममध्ये काय विचारलंय? किती वेळा. कधी, कोणी, हे विचारलंय का? नाही. आकडा एक आहे ना? मग लिहा ‘नाही’. नाही लिहिण्यात तुमचा हात कोण धरणार?”

ती काही बोलायच्या आत ते जवळ आले. आता आवाज गोड नव्हता. “आणि ‘हो’ लिहून कारण माझं लिहिलंत, तर मुख्य कचेरी विचारेल, बाई, मग आधीच्यांचं काय? त्या प्रत्येक फॉर्मवर सही कोणाची आहे? माझी? मी फक्त आवाज काढला. ‘नाही’ तुम्ही म्हणालात.”

चोर तो चोर, वर शिरजोर. पण चोराचंच म्हणणं नेमकं जिथं लागायला हवं तिथं लागलं.

संध्याकाळी उजेड असतानाच ती घरी पोचली. बाबा बाल्कनीत पंख्याची मोटर उघडून बसले होते. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण घरातलं कोणतंही फिरणारं यंत्र त्यांच्या तावडीतून सुटत नसे. तिनं सगळं सांगितलं. बाबांनी मोटरीत फुंकर घातली.

“ठके,” ते म्हणाले, “लिफ्टमध्ये पाटी असते ना, आठ माणसं?”

“असते.”

“आठ चढली आणि दोर तुटला, तर दोष कोणाचा?”

“तुमचा. बसवणाऱ्याचा.”

“नऊ चढली तर?”

“त्यांचा.”

“आणि आठ चढली, पण आमचा माणूस म्हणाला, तुम्ही जरा जोरात चढलात, तर?”

तिला हसू आलं. “तर त्याला लिफ्टखाली उभा करावा.”

“तुमच्या गाडीवर पाटी काय आहे?”

“आठ हजार. लाल रेषा.”

“मग आठ हजारापर्यंत सगळं तुमचं. जोरात म्हणजे काय, हळू म्हणजे काय, ते बोलायचंच नाही. पाटी लावली ना? मग पाटीला जागा. नाही तर चारचीच लावा, बघू कोण विकत घेतं.”

“पण थंड तेल, बाबा? थंडीत आठ हजारही नऊसारखेच.”

“मग थंडीत पाटी बदलायला हवी. इंजिनाला डोकं आहे ना तुमच्या? सगळं टिपून ठेवतं. मग तेल तापेपर्यंत ते पाय अडवत का नाही? टिपायचं येतं, अडवायचं येत नाही?” त्यांनी स्क्रू तोंडात धरला आणि बाजूनं म्हणाले, “आमची लिफ्ट नववा चढला की दार लावत नाही. चहाडी करत बसत नाही.”

एकोणीस वर्षं तिनं ज्या नियमाला मूर्ख म्हणत म्हणत सलाम केला, तो मूर्ख नव्हता. तो धूर्त होता. मूर्ख वेगळंच कोणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ‘हो’चा शिक्का शोधला. तो कडक झाला होता, शाईच्या डबीत दोनदा दाबावा लागला. चौकटीत ‘एक’ लिहिलं आणि फॉर्मच्या समासात, जिथं लिहायची परवानगी नव्हती तिथं, लिहिलं: ‘तास ०.४, तेल १७ अंश, वेग शून्य. गाडी आमच्या ताब्यात, चालक आमचा, व्हिडिओ सोबत.’ दुसरं पान ग्रीसच्या अंगठ्यासकट जोडलं. मिस्त्री बघत होता.

“बाई, खुर्ची जाईल.”

“जाऊ दे. तिचे चारही नट मला माहीत आहेत.”

खुर्ची गेली नाही. मोठ्या कचेऱ्या इतकं सरळ वागत नाहीत. दहा दिवसांनी उत्तर आलं: डॉक्टरांना नवं इंजिन ‘खास बाब म्हणून, सदिच्छेपोटी’ देण्यात येत आहे, कारणाची चर्चा ग्राहकाशी करू नये. चूक नाही, कबुली नाही, नुसती सदिच्छा. दुसऱ्याच्या पायावर गाडी घालून त्याला फुगा द्यावा, तशी. आणि खाली एक ओळ: पुढच्या महिन्यापासून छपाई सोपी करण्यात येत असून, अहवाल यापुढं एकाच पानाचा येईल.

नव्या इंजिनाची गाडी न्यायला डॉक्टर सगळा गोतावळा घेऊन आले. नाहीबाई किल्ली द्यायला पुढं गेली, तर डॉक्टर मेव्हण्याला सांगत होते, “पहिलं इंजिन मी चार महिन्यांत संपवलं. कंपनी घाबरली, गुपचूप दुसरं दिलं.” बायको छताकडं बघत होती. नाहीबाईला वाटलं, या माणसासाठी आपण शिक्का बदलला! असो. न्याय काय फक्त शहाण्यांसाठी ठेवायचा? मग तो कोणाला मिळणार?

आणि तेवढ्यात डॉक्टरच टाळीसाहेबांना म्हणाले, “अहो, आवाज ऐकवा ना! मागच्यासारखा!”

टाळीसाहेबांनी तिच्याकडं पाहिलं. ती गाडीत बसली, बटण दाबून इंजिन सुरू केलं, तसंच घुरघुरत सोडलं आणि किल्ली खिशात घालून बाहेर आली.

“ऐकवते,” ती म्हणाली. “तेल साठ अंशांवर आलं की. वीस मिनिटं. फरशीवर उभे राहा सगळे.”

ते उभे राहिले. पाच मिनिटं लोक हसले, सातव्या मिनिटाला मेव्हण्यानं व्हिडिओ बंद केला, बाराव्या मिनिटाला फुलांचा गुच्छ या हातातून त्या हातात फिरू लागला. टाळीसाहेब घामाघूम. टाळी मागावी असं काही घडतच नव्हतं. विसाव्या मिनिटाला तिनं आत वाकून पॅडल दाबलं, आठ हजारांपर्यंत, अकरा सेकंद. डरकाळी तीच. टाळ्या मात्र फक्त डॉक्टरांच्या बायकोनं वाजवल्या, आणि त्या गाडीसाठी नव्हत्या.

मग ती मागं आली आणि कपाटातल्या फायली काढल्या. ज्यांचा आकडा पाच, बारा, चाळीस, ते सोडून दिले. ते सराईत होते. नुसता ‘एक’ असलेल्या वेगळ्या केल्या. सदतीस निघाल्या. सदतीस फायली, सदतीस पहिली पानं. दुसरं एकही नाही. काही गाड्या विकल्या गेल्या होत्या, बाकीच्यांना परस्पर कुठंतरी नवी इंजिनं बसली होती, आणि नवं इंजिन बसलं की कॉम्प्युटर जुनं सगळं पुसून टाकतो. मिस्त्रीनं खोकं पालथं केलं. तळाशी तीन महिन्यांपूर्वीच्या चहाची यादी निघाली, कुठल्याशा चाळीसवाल्याच्या पानाच्या पाठीवर.

तिच्या खणात मात्र एक डबा होता. नाकारलेल्या प्रत्येक इंजिनाचं एक बेअरिंग ती त्यात ठेवायची, चिठ्ठी बांधून. एके काळी हौसेनं, शिकाऱ्यानं शिंगं ठेवावीत तसं. तिनं पोहायला शिकवणाऱ्या बाईचं शोधून काढलं. डॉक्टरांचं शेजारी ठेवलं. दोन अर्धे चंद्र. बोचकारे त्याच जागी, त्याच दिशेचे. तिनं भिंग लावून पाहिलं, टॉर्च तिरपा धरून पाहिलं. थंड तेलावर दाबलेल्या पायाची खूण सगळ्या पायांची सारखीच असते, मग तो पाय ओला असो की पॉलिश केलेल्या बुटातला.

मिस्त्रीनं विचारलं, “काय शोधताय, बाई?”

तिनं बेअरिंग उजेडात धरून ठेवलं होतं. माणूस खोटं बोलतो, गाडी बोलत नाही, असं तिनं त्या बाईला सांगितलं होतं. गाडी खरंच खोटं बोलली नव्हती. तिनं सगळं दोन पानांत सांगितलं होतं.

“ती म्हणाली होती, मी असं काही केलेलं नाही,” नाहीबाई म्हणाली. “तिच्या त्या ‘एक’च्या वेळी गाडीचा वेग किती होता रे?”